टेक्ससचे तहसीलदार

टेक्ससची जमीन वाटायचं काम मोरेश्वररावांकडे आलं, ते त्यांच्या मुलाची, परीक्षितची, मीटिंग निघाली म्हणून. टेक्ससमधल्याच अर्विंग गावच्या शाळेत त्यांच्या नातीच्या, अनयाच्या, चौथीच्या वर्गात त्या दिवशी दोनशे वर्षांपूर्वीचं टेक्सस उभं राहणार होतं. मुलं म्हणजे वस्ती करायला आलेले लोक. त्यांनी स्पेनच्या राजाच्या गव्हर्नरकडे जमीन मागायची आणि गव्हर्नरानं 'ग्रँटेड' म्हणून शिक्का मारायचा, एवढंच. गव्हर्नर व्हायचं परीक्षितनं कबूल केलं होतं, पण सकाळीच ऑफिसचा फोन आला.

"बाबा, तुम्ही जाता का? नुसता शिक्का मारायचाय," तो म्हणाला.

वर्ध्याच्या निवृत्त तहसीलदाराला हे वाक्य ऐकवायला नको होतं. "शिक्का नुसता कधी मारत नसतात," मोरेश्वरराव म्हणाले आणि त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

गाडीत मोरेश्वररावांच्या पत्नी शैलजाताई सुनेला म्हणाल्या, "लक्ष ठेव गं, हिमानी. माझ्या गुरुनाथदादाचा प्लॉट यांनी असाच अडवला होता. का, तर मेहुणा लागतो म्हणून!" या गोष्टीला वीस वर्षं झाली होती, तरी शैलजाताईंच्या तोंडून ती आठवड्यातून एकदा निघायचीच.

मागच्या सीटवर अनया पुठ्ठ्याचं घर मांडीवर सांभाळत बसली होती. घरासमोर एक कागदी गाय होती, तिचं नाव डेझी. "आजी, आय नीड रिव्हर लँड. डेझी नीड्स वॉटर," ती म्हणाली. ज्याला जमीन मिळेल त्याचंच घर भिंतीवरच्या नकाशावर चिकटणार होतं आणि संध्याकाळी सगळ्यांचे आईबाप ते बघायला येणार होते.

वर्गात पहिला आला टायलर. त्याला नदीचं वळण हवं होतं. मोरेश्वररावांनी चष्मा चढवला. "हू इज ऑन ईस्ट साइड?"

पूर्वेला एमिली होती. "हॅज शी एनी ऑब्जेक्शन?" तोवर एमिलीला नव्हतं, विचारल्यावर आलं. मग पश्चिमेकडच्यालाही आलं. बघता बघता वर्गातल्या प्रत्येकाची प्रत्येकावर हरकत झाली. मोरेश्वररावांनी सगळी प्रकरणं सुनावणीला ठेवली आणि जागेची पाहणी हवी म्हणून फूटपट्टी घेऊन ते नकाशापाशी जाऊन आले. वर्गाच्या बाई, मिस डोनोव्हन, आधी घड्याळाकडे बघून हसत होत्या, मग नुसत्याच घड्याळाकडे बघायला लागल्या. शेवटी टायलरनं डब्यातलं चॉकलेट काढून हळूच टेबलावर ठेवलं.

गव्हर्नर ताडकन उभे राहिले. "टेक इट बॅक! धिस इज ब्राइब!"

टायलरला रडू फुटलं. इतका वेळ शूटिंग करणाऱ्या हिमानीनं कॅमेरा बंद केला.

त्यातच अनयाची पाळी आली. तिनं दोन्ही हातांनी घर पुढे धरलं. मोरेश्वररावांचा चेहरा क्षणभर विरघळला आणि पुन्हा सरकारी झाला. "युवर केस आय कॅनॉट टेक. यू आर माय ग्रँडडॉटर."

"बट आजोबा, डेझी..." तिचे ओठ थरथरायला लागले.

आता मात्र शैलजाताई उठल्या आणि बाकांमधून वाट काढत थेट टेबलापाशी आल्या. "अहो, नातेवाइकाचं प्रकरण आलं की काय करायचं असतं?"

"पदभार दुसऱ्याकडे द्यायचा असतो."

"मग दादाच्या वेळी का नाही दिलात?"

"तेव्हा ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं."

"आता मी आहे. द्या इकडे शिक्का."

मोरेश्वररावांना यात नियमाची खोट काढता येईना. शिक्का देऊन ते बाहेर नळापाशी जाऊन उभे राहिले. पाणी पिताना त्यांच्या लक्षात आलं, की शैलजाही अनयाची आजीच लागते. पण तोवर आतून धडाधड शिक्क्यांचा आणि मग टाळ्यांचा आवाज आला होता. ते परतले तेव्हा डेझी नदीकाठी चरत होती, टायलरला वळण मिळालं होतं आणि तो एमिलीबरोबर चॉकलेट खात होता. मिस डोनोव्हन खुर्चीत बसून वारा घेत होत्या. हिमानीचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सगळे नकाशासमोर जमले. मोरेश्वरराव सवयीनं एकेक हद्द तपासत होते. कोपऱ्यातल्या एका तुकड्याशी ते थबकले. तिथे घर नव्हतं; नुसता शिक्का आणि देवनागरीत एक नाव होतं: गुरुनाथ.

"हे काय?"

"पदभार माझ्याकडे होता," शैलजाताई म्हणाल्या. मनात मात्र त्या जरा घाबरल्या होत्या.

मोरेश्वररावांनी खिशातून फूटपट्टी काढली. तुकडा मोजला. "रस्त्याला लागून आहे. पाणीही जवळ. जागा चांगली दिलीस." वीस वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखा त्यांनी श्वास सोडला. "कॉलिंग कार्ड आणलंयस का? गुरुनाथला फोन लाव. मी सांगतो त्याला."

"अहो, तिकडे आता कुठं उजाडलं असेल."

"असू दे," मोरेश्वरराव म्हणाले. "फार थांबवलंय मी त्याला."