नळाची धून

आमच्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी आलं की कुणी हाक मारत नाही. रामूदादा इलेक्ट्रिक गिटारवर एक छोटीशी धून वाजवतो आणि सगळ्या मजल्यांवरची दारं धडाधड उघडतात. कुणी पाइप घेऊन पळतं, कुणी बादली. शहराच्या टोकाला, छावणीच्या पुढं राहणाऱ्या आम्हा लोकांना पाणी कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. रामूदादा सांगतो.

कारण तो एका जागी कधीच नसतो. गिटार बसून वाजवतात, असा माझा समज होता. रामूदादा चालतो. त्याचा अ‍ॅम्प गच्चीवरच्या खोलीत असतो आणि तो स्वतः दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात. मध्ये सगळीकडे वायर. ती ओलांडायची मला इतकी सवय झालीय की ऑफिसच्या जिन्यातही मी उगाच पाय उचलते. उभा राहिला तरी त्याचा डावा पाय हलतच असतो. अशा फेऱ्या मारताना खालच्या हौदात पडणारी पहिली धार त्यालाच ऐकू येते.

तळमजल्यावरचे शब्बीरचाचा सोसायटीचे सेक्रेटरी. आधी ते रोज वर भांडायला यायचे. "अरे रामू, ये गाना है या मिक्सर में कंकर गए?" एकदा ते असेच ओरडत असताना रामूदादाला पाण्याचा आवाज आला. खाली पळत जाऊन सांगायच्या ऐवजी त्यानं हौदाकडे मान करून गिटारवरच एक धून वाजवली, आणि चाचा मोटर लावायला धावले. तेव्हापासून चाचांची परवानगी आहे. "बजा. लेकिन काम का बजा."

रामूदादा मूळचा पिशोरचा. शेती भावानं सांभाळली, हा वाळूजच्या एका कंपनीत लागला, बजाजनगरला खोली केली, मग आमच्या गच्चीवरच्या खोलीत आला. नोकरी सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. बँड मात्र त्यानं कधी सोडला नाही. बँडच त्याला सोडून जायचा. ड्रमर गेला की बँडचं नाव बदलायचं. आधी 'फ्यूज', मग 'करंट', शेवटी 'डीपी जळाला'.

एकदा पिशोरला भावकीतल्या हळदीत त्यानं स्वतःचं गाणं धरलं. गिटारचा तो घरघरता आवाज ऐकून मंडपवाला धावत आला आणि वायरी हलवून बघायला लागला. नवरदेवाचे मामा स्टेजवर चढले. "रामू, राहू दे बाबा, मशीन बिघडली तुझी."

"मामा, ती अशीच वाजती!"

"मग दुसरी घ्यायची की!"

हा किस्सा रामूदादा स्वतःच हसत सांगतो. पण सांगताना पाय जास्त हलतो.

गाणी तो गावाकडच्या बोलीत लिहितो. दोन कडवी झाली की तिसऱ्याच्या आधी दुसरंच गाणं सुरू. पुरं असं एकही नाही. ऐकणारा उठायला लागला की म्हणतो, "थांब की, सोलो बाकी हाय अजून!" सोलो म्हणजे नुसत्या गिटारचा तुकडा. त्याला सहसा कुणी थांबत नाही.

कानात इंग्रजी गाणी लावून मी जिन्यात दिसले की विचारतो, "काय इंग्लिश मॅडम, 'बेबी' न म्हणता रॉक होतो का नाय?" मी हसते आणि मोबाईलमध्ये बघते. त्याची गाणी मला आवडतात. पण असलं काही मी कुणाला सांगत नाही.

मागच्या महिन्यात 'डीपी जळाला'चा ड्रमर पुण्याला निघून गेला. आता बँड म्हणजे एकटा रामूदादा. चार-सहा दिवस जिन्यात वायर दिसली नाही. मग तो दारोदार फिरला. "रविवारी पाच वाजता गच्चीवर या. गाणं पुरं झालंय. पहिल्यांदाच झालंय."

सगळे "व्हय व्हय, येतो" म्हणाले. चाचा "इन्शाल्ला" म्हणाले. मी मान हलवली.

रविवारी पाच वाजता मी दार किंचित उघडं ठेवून उभी राहिले. कुणी वर गेलं की त्यांच्या मागून जायचं, असं ठरवलं होतं. कुणीच गेलं नाही.

आणि मग नळाची धून वाजली.

बिल्डिंग उठली. पाइप, बादल्या, घागरी. चाचांनी मोटर लावली. ती नुसतीच खोकली. हौद कोरडा.

"पानी किधर है?" चाचा जिन्यातून ओरडले. "रामू! उतर नीचे!"

"जा गं, विचार त्याला," आई म्हणाली. मी बादली घेऊनच वर गेले.

गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. कडेला चहाचा मोठा थर्मास आणि कागदी कपांची चवड, वरचं प्लास्टिकही न काढलेलं. रामूदादा टाकी आणि कठड्याच्या मध्ये येरझारा घालत होता. मला बघून थबकला.

"चुकून बोटं गेली," तो म्हणाला. "सांग चाचांना." आणि वायर काढून गुंडाळायला लागला.

त्याची बोटं त्या धुनेवर चुकून कधीच जात नाहीत, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसले.

"दादा, सोलो बाकी आहे ना?"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यानं माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. मग वायर परत जोडली.

"बिरेक नाय गाडीला, उतार लई लांब,
चाकाखाली दगड हो न् म्हण मला थांब..."

तो एकाच जागी उभा राहून गात होता. माझं लक्ष त्याच्या डाव्या पायाकडे गेलं. तो हलत नव्हता.

तिसऱ्या कडव्याला जिन्यात चपला वाजल्या. खांद्यावर पाइप घेतलेले चाचा दारात आले, त्यांच्या मागे आई. चाचांनी भांडायला तोंड उघडलं, मोकळ्या सतरंज्या बघितल्या, कप बघितले. मग पाइप खाली ठेवून, गुडघा धरत हळूच बसले.

"पहले चाय दे," ते म्हणाले. "और शुरू से बजा."