हाडाला विचारणारे कोकरे

नामदेव कोकरे कुणाला नमस्कार करत नसत. ते थेट समोरच्याच्या कानामागचं हाड गाठायचे. बाकीचे लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तिथे त्यांच्याकडे दोन दातांचा पोलादी चिमटा असायचा. डॉक्टर त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणायचे. चिमटा गुडघ्यावर आपटायचा, दांडी कानामागे टेकवायची आणि विचारायचं, "येतंय ऐकू? थांबलं की सांगा." मग समोर एसटीचा कंडक्टर असो, नाहीतर बोहल्यावरचा नवरदेव.

नवरदेवाचं मी उगाच म्हणत नाही. इंदापूरच्या एका लग्नात आम्ही दवाखान्यातले सगळे गेलो होतो. स्टेजवर नवरदेव प्रत्येकाला दोनदा "काय?" विचारत होता. झालं, कोकऱ्यांनी मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि चिमटा टेकवला. मुलीकडच्यांचे चेहरे उतरले. कोकऱ्यांनी सावकाश दोन्ही कान तपासले आणि जाहीर केलं, "कान झकास हाईत. तेवढा बँड लांब न्या."

आमचा दवाखाना बारामतीत, नाक-कान-घशाचा. नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. मी पुढच्या टेबलावर केसपेपर लिहायचे आणि कोकरे मागच्या लाकडी खोलीत श्रवण तपासायचे. भिंतींना आतून गोधड्यांसारखा जाड थर लावलेली ती खोली म्हणजे त्यांचा गाभारा. तपासणी चालू झाली की बाहेरचा पंखा बंद. एप्रिलमध्ये बाकावरचे पेशंट घामानं निथळायचे, पण बोलायची सोय नव्हती. एमआयडीसीची पाळी सुटली की मोटरसायकलींचा लोंढा दारावरून जायचा, तेव्हा कोकरे डोळे मिटून, हात आवरून बसून राहायचे. एकदा त्यांनी मला बांगड्या काढायला सांगितल्या. मी म्हटलं, नोकरी सोडेन पण बांगड्या काढणार नाही. त्यावर त्यांनी निमूटपणे स्वतःचा हातरुमाल आणून दिला. तेव्हापासून तपासणीच्या वेळी मी मनगटाला रुमाल बांधून लिहायचे. लोक विचारायचे, "ताई, हाताला लागलं का काय?"

पेशंटला ते भिंतीकडे तोंड करून बसवत. एका सरपंचांना हे फार लागलं. म्हणाले, "शाळा सोडून चाळीस वर्षं झाली, पुन्यांदा भिंतीकडं त्वांड?" पण कोकऱ्यांचं कारण अनुभवातून आलेलं होतं. तोंड त्यांच्याकडे असलं की लोक आवाज ऐकायचे सोडून त्यांचं कोपर बघत. बटण दाबताना कोपर हललं की, ऐकू आलं म्हणून बोट वर. "असल्या तपासणीत माझं कोपर पास व्हतंय, ताई," ते म्हणायचे.

आधी कानावर हेडफोन लावायचे आणि बारीक होत जाणारे सूर सोडायचे. पेशंटला ऐकू आलं की त्यानं बोट वर करायचं. मग हेडफोन काढून कानामागच्या हाडावर पोलादी पट्टीनं एक लहानसा ठोकळा बसवायचा आणि तेच सूर हाडातून पाठवायचे. इथं कोकरे खुलायचे. "थांबा, आता हाडाला विचारू," असं म्हणून तळहात चोळायचे. पेशंट कोणीही असो, त्याला समजावून सांगायचे, "आवाजाला आत जायाला दोन वाटा. एक पुढचं दार, म्हंजी कानाचं भोक. दुसरी परसातली, हाडातनं. परसातनं हाक मारल्यावर आतनं ओ आली, तर पुढचं दारच तेवढं अडकलंय म्हणायचं. मळ असंल, पडदा असंल, डॉक्टर करत्यात नीट. पर परसातनं बी कुणी ओ देईना, तर मग आतलं माणूसच उठून गेलंय. त्याला इलाज न्हाय."

हे ते कुणाच्याही तोंडावर सांगत. लोणी भापकरच्या एका बागायतदारानं मुलीचं लग्न ठरतंय म्हणून "जरा सांभाळून लिहा" असं सुचवलं. कोकऱ्यांनी त्याच्यासमोर लाल पेन्सिलीला टोक काढलं, मुलीच्या उजव्या कानाची रेघ कागदावर जशीच्या तशी ओढली आणि म्हणाले, "मोजलं ते मोजलं." तो माणूस पुन्हा कधी आला नाही. मला कोकऱ्यांचा राग आला होता, आणि थोडा अभिमानही वाटला होता. लाल म्हणजे उजवा, निळा म्हणजे डावा. हाडाच्या खुणा वेगळ्या. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. चार-पाच वर्षांत मलाही ते कागद वाचता यायला लागले.

असा हा सगळ्या तालुक्याची हाडं तपासणारा माणूस. आपल्या सख्ख्या भावाचं हाड मात्र त्यांनी तपासलं नव्हतं.

बिरूदादा त्यांचे थोरले भाऊ. निमगाव केतकीत पिठाची गिरणी चालवायचे. गिरणीचा पट्टा घ्यायला बारामतीला आले की आमच्या बाकावर येऊन बसत. भुवयांवर, मिशीवर पीठ तसंच. बोलणं गिरणीच्या पट्टीतलं, म्हणजे रस्त्यापलीकडच्या मेडिकलवाल्यालाही उत्तर द्यावंसं वाटेल असं. "ताई! आमच्या नामाला म्हणावं, कानातलं पीठ काढ की! लई बसलंय!"

कानात पीठ बसलंय, ही त्यांची ठाम समजूत होती. नामा सवड मिळाली की ते काढून देईल, असं ते सगळ्या बाजाराला सांगत. आणि नामाला सवड मिळत नव्हती. कधी वीज गेलेली असायची, कधी यंत्र बिघडलेलं. ते चालू असल्याचं मला बाहेरच्या टेबलावरून कळत होतं. अशी तीन वर्षं गेली.

शेवटी मी चिडून विचारलं, "सगळ्या गावाच्या हाडाला विचारता, मग भावाच्याच हाडाचं वावडं का?"

कोकऱ्यांनी चिमटा पुसून खिशाला अडकवला. मग म्हणाले, "आमच्यात आधी मेंढरं हुती, ताई. ती गेली. दादानं सातवीत शाळा सोडली अन् गिरणीवर बसला, मी शाळेत बसावं म्हणून. बारावी, पुढचा कोर्स, समदं त्या गिरणीवर. पीठ असंल तर निघंल. पर गिरणीच्या आवाजानं आतलं गेलं असंल तर..." पुढचं मला कळलं, आणि मी विचारलं याचं वाईट वाटलं.

त्या दिवाळीनंतर बिरूदादा आले ते बाकावर बसलेच नाहीत. सरळ मागच्या खोलीत गेले आणि आपण होऊन भिंतीकडे तोंड करून बसले. "नात बोलाय लागलीय, नामा! काय म्हणती कळंना! आज पीठ काढल्याबिगर जात न्हाय!"

मी पंखा बंद केला आणि मनगटाला रुमाल बांधला. खोलीच्या काचेतून सगळं दिसत होतं. कोकऱ्यांनी आधी हेडफोनवर सूर दिले. रेघ बरीच खाली उतरत गेली. मग त्यांनी हाडावर ठोकळा बसवला, काढला, पुन्हा बसवला. बिरूदादा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, बोट तयार. ते बोट वर जाईना. कोकरे आवाज वाढवत होते, थांबत होते, पुन्हा तोच सूर देत होते. एकच सूर त्यांनी चार वेळा दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अखेर फार वरच्या आवाजाला ते बोट उठलं. कोकऱ्यांनी खुणा केल्या. हाडाच्या खुणा आधीच्या रेघेला चिकटूनच खाली उतरत गेल्या. मला पुढचं वाचावं लागलं नाही.

दोघं बाहेर आले. बाकावर सात-आठ पेशंट होते. बिरूदादांनी गिरणीच्या पट्टीत विचारलं, "पीठच हाय न्हवं रं, नामा?"

कोकरे कधी आवाज चढवून बोलत नसत. ते भावाच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "व्हय दादा! पीठच हाय! लई जुनं हाय! आत पार घट्ट बसलंय, न्हाय निघायचं! त्यातनं आवाज जाईल असं मशीन बसवतो तुला! पर आता गिरणीवर दुसरं माणूस ठेव! आणखी पीठ जायाला नको!"

बिरूदादांचा चेहरा उजळला. ते बाकावरच्या लोकांकडे वळले. "बघा! लोकं म्हणायची, गिरणीनं कान घालवलं! उगंच नाव घ्यायची तिचं!" मग त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "गिरणीनं आपलं कदी वाईट केलं न्हाय, नामा!"

"न्हाय, दादा," कोकरे म्हणाले. पण इतक्या हळू, की ते मलाच काय ते ऐकू आलं.