रहस्य न फोडण्याची शपथ

यवतच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या आमच्या गावात 'परदेशी रहस्यपट आस्वादक मंडळ' रीतसर कार्यरत असून मी, हरिबा, त्याचा सचिव आहे. वाचनालयातल्या भाषांतरित खूनकादंबऱ्यांची वाचून वाचून पानं सुटली, म्हणून त्यांच्यावर निघालेले कोरियन, फ्रेंच, डॅनिश सिनेमे दर रविवारी दुपारी समाजमंदिरात दाखवायचा ठराव झाला. भाषा कुणालाच कळत नाही. खालची इंग्रजी अक्षरं कॉलेजातली प्राची मराठीत सांगते. प्रोजेक्टर अध्यक्ष रविराजशेठ स्वतःच्या पिकअपमधून आणतात.

पहिल्याच रविवारी घोळ झाला. कादंबरी वाचलेले एक मास्तर मध्यंतरातच खुनी सांगून मोकळे झाले. गाव इतकं चिडलं, की मास्तरांना महिनाभर कुणी चहा विचारला नाही. तेव्हापासून आत येणाऱ्यानं शपथ घेऊन नोंदवहीत सही करायची: 'मला ठाऊक असले तरी मी सांगणार नाही.'

गेल्या महिन्यात हायवेच्या वळणावर चांगदेवला एका गाडीनं उडवलं. भर दुपारी, चहाच्या टपरीसमोर. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गाडी थांबली नाही. टपरीवर चौदा माणसं होती, पंधरावा मी. पोलिसांनी त्याच्या बायकोला, रंभाला, सांगितलं की नंबर सांगणारा एक तरी साक्षीदार आणा. बिचारी घरोघर फिरली. चौदाही जण नेमके त्याच क्षणी बशीतल्या चहावर फुंकर मारत होते. मी चष्मा पुसत होतो.

त्याच आठवड्यात रविराजशेठच्या पिकअपला नवा बंपर बसला. तरीही प्रोजेक्टर वेळेवर आला, हे येथे कौतुकाने नमूद करतो.

त्या रविवारचा सिनेमा डॅनिश होता. त्यात एक म्हातारी खिडकीतून खून बघते आणि चौकशीत गप्प बसते. समाजमंदिर पेटलं. कुणी तिला सटवी म्हणालं, कुणी म्हणालं, परदेशात माणुसकीच उरली न्हाई. अध्यक्षांचे तर डोळे भरून आले.

तेवढ्यात रंभा उठली आणि पडद्यापुढं येऊन उभी राहिली. म्हातारीचं तोंड तिच्या पदरावर हलत होतं.

"त्या बाईला शिव्या देताय, लई बरं वाटलं," ती म्हणाली. "आता माझ्या मालकाला कुणी उडवलं, तेवढं एकानं सांगा. नुसता नंबर सांगा."

प्राची वाचायची थांबली. सगळ्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं आणि लगेच जमिनीकडं. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी नोंदवही उघडून शपथ वाचून दाखवली आणि ती मंडळाच्या आवारात निघणाऱ्या सर्वच रहस्यांना लागू असल्याचा खुलासा केला.

"हरिबा आप्पा, तुम्ही व्हता की तिथं."

"शपथ हाय, बाई. बसून घ्या, लोकांचा रस जातोय."

ती बसली नाही, निघून गेली. अध्यक्षांनी मांडलं, की शपथेची हद्द समाजमंदिरापुरती न ठेवता हायवेच्या वळणापर्यंत वाढवावी. ठराव एकमतानं मंजूर झाला. उरलेला सिनेमा मात्र कुणाला धड रुचला नाही.

वाचकहो, गाडी कुणाची हे तुम्हाला बंपरपाशीच कळलं, मला ठाऊक आहे. रंभा आजही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून आहे, कुणी सांगायला येतंय का बघत. तुम्ही आता पान उलटणार. जाता जाता नोंदवहीत तेवढी सही करून जा. सोळाव्या नावाची जागा मोकळी ठेवली आहे.