एका इंचाचा उतार

"मेस्त्री, हे पाणी कुठं चाललंय?"

"मोरीकडं, सार. एक थेंब थांबणार नाही. बघा तरी!"

रत्नाकर मेस्त्रीने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. परसात नुकत्याच चोपूनचापून गुळगुळीत केलेल्या गोल जमिनीवर त्याने स्वतः बादलीभर पाणी ओतलं होतं, आणि ते अगदी शिस्तीत मोरीच्या दिशेने निघून गेलं होतं. पद्मनाभने कपाळाला हात लावला.

"अहो, पण मी तुम्हाला जमीन सपाट करायला सांगितली होती!"

"सपाटच आहे की ओ. स्वल्प उतार दिलाय. एक इंच."

"एक इंचसुद्धा नको होता!"

रत्नाकरने थापी खाली ठेवली. बत्तीस वर्षं या बेंगळूरमध्ये त्याने न्हाणीघरं, गच्च्या आणि अंगणं केली होती, आणि त्याच्या कामात पाणी तुंबलं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. उतार न देता जमीन करायची म्हणजे त्याच्या हाताला जमण्यासारखं नव्हतंच. तो मनाने सपाट करायला घ्यायचा, पण हात आपोआप उतार देऊन मोकळे व्हायचे.

आता या परसात उतार का नको होता, ते सांगायला हवं. पद्मनाभ मूळचा पुण्याचा. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून त्र्याण्णव साली तो बायको आणि मुलगी घेऊन हेब्बाळजवळच्या या भाड्याच्या घरात आला. त्यालाही आता चार वर्षं होऊन गेली होती. बायको शुभदा बँकेत, आणि मुलगी मुग्धा नऊ वर्षांची. फेब्रुवारीत मुग्धा सायकलवरून पडली आणि तिचा उजवा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर, मग प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं. पण पोरगी काही केल्या पाय टेकेना. टेकवला की पुन्हा मोडेल, ही भीती तिच्या मनात घट्ट बसली होती. बाथरूमला जायचं तरी आईच्या कडेवर. शाळा दोन जूनला उघडणार होती, आणि तिचा नवा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता.

पद्मनाभ पडला मोजमापाचा माणूस. त्याने फ्रिजवर तक्ता चिकटवला. आज किती पावलं, काल किती, उद्या किती. हातात घड्याळ घेऊन तो मुग्धासमोर उभा राहायचा. "चल बेटा, एक पाऊल. घाबरतेस कशाला? टाक की! मी आहे ना!" मुग्धा त्या घड्याळाकडे बघून रडायला लागायची. पंधरा दिवसांत तक्त्यावर सगळीकडे शून्यंच शून्यं झाली.

डॉक्टर भीमाचार्य म्हणाले, "पाय उत्तम आहे, भीती मनात आहे. तिला छातीभर पाण्यात चालवा. पाण्यात पडायची भीती जाते, वजनही येत नाही."

क्लबच्या तलावांची चौकशी केली तर सभासद होण्याची यादी एवढी लांब, की मुग्धाचं लग्न ठरेपर्यंत नंबर लागला असता. तेवढ्यात शुभदाचा भाऊ अजित देवासारखा धावून आला. तो अमेरिकेहून सामानसुमान बोटीत घालून परत येत होता, आणि त्या सामानात त्याच्या अंगणातला पोहण्याचा हौद होता. जमीन न खणता नुसता वर उभा करायचा. पत्र्याची गोल भिंत, आत प्लास्टिकचं अस्तर, बारा फूट रुंद आणि तीन फूट उंच. अजितने तो देऊन टाकला. पैसे विचारले तर रागावला.

खोक्यात एक पुस्तिका होती. ती पद्मनाभने एखादी पोथी वाचावी तशी तीनदा वाचली. हौदाखालची जमीन इंचभरही वरखाली नको, नाहीतर पाण्याचा सगळा भार एका बाजूला येऊन भिंत आडवी होईल. उंच बाजू खणून काढा, सखल बाजूला भर घालू नका. आणि नेमकं हे परस मोरीकडे उतरतं होतं.

म्हणून रत्नाकर मेस्त्री. आणि म्हणून कपाळाला हात.

"राहू द्या मेस्त्री, मीच करतो," पद्मनाभ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कुदळ घेऊन परसात उतरला. उंच बाजू खणली, खडे वेचले, वाळू चाळून पसरली आणि कडेने आठ खुंट्या ठोकल्या. पातळी बघायला त्याने गवंड्यांची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन खुंट्यांना धरायची. दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीला राहतं, त्यावरून जमीन कुठं वर आहे आणि कुठं खाली ते कळतं. काम सोपं, फक्त दुसरं टोक धरायला माणूस हवा. शुभदाची डब्याची घाई. उरली मुग्धा.

त्याने तिला खुर्चीवर बसवून पहिल्या खुंटीशी ठेवलं आणि स्वतः पलीकडे पोटावर आडवा होऊन, एक डोळा मिटून नळी बघू लागला. मग उठून खुर्ची दुसऱ्या खुंटीशी नेली, परत येऊन आडवा झाला. मग तिसरी खुंटी. चौथ्या खुंटीला मुग्धाच कंटाळली.

"बाबा, खुर्ची नको. मी भिंतीला धरते."

"धर, धर. पण नळी हलवू नकोस!" नळीवरचा डोळा न काढता पद्मनाभ म्हणाला. "थोडं वर... अजून... हां! आता पाचवी."

नाश्त्याची वेळ होईपर्यंत जमीन सपाट झाली. पद्मनाभ शीळ घालत ऑफिसला गेला. संध्याकाळी येऊन नळी लावली, तर जमीन मोरीकडे एक इंच खाली!

शेजारच्या अंबुबाई भिंतीवरून म्हणाल्या, "रत्नाकर आला होता की दुपारी. म्हणाला, सार नवे आहेत, पाणी तुंबेल बिचाऱ्यांचं. स्वल्प उतार देऊन गेला. पैसेपण नको म्हणाला."

अंबुबाई आणि त्यांचे यजमान प्रतापराव यांच्या घराण्याला बेंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली होती. मराठी बोलायचे, पण त्यात कन्नड अशी मिसळलेली, की पुण्याच्या पद्मनाभला अर्धं समजायचं आणि अर्धं अंदाजाने घ्यावं लागायचं. शुभदा मात्र पहिल्या आठवड्यातच त्यांना अक्का आणि अण्णा म्हणू लागली होती.

पुन्हा पहाट, पुन्हा कुदळ, पुन्हा पोटावर आडवा. "मुग्धा, तिसरी!" "मुग्धा, सातवी!" "परत तिसरीकडे ये!" दोन दिवसांत जमीन जागेवर आली. तिसऱ्या दिवशी बघतो तो वाळूवर सडा, सड्यावर ही भलीमोठी रांगोळी, आणि बरोबर मधोमध हळदकुंकवाने माखलेला उंचवटा.

"अक्का, हे काय?"

"भूमिपूजा! नवी जमीन केली, पूजा नको? नारळ पुरलाय, नवधान्य घातलंय. पोरीचं काम आहे ओ, देवाला विचारून केलेलं बरं."

पद्मनाभने नमस्कार करून नारळ उकरला, वाळू नव्याने चाळली, पुन्हा नळी लावली. चार दिवसांनी जमीन जमते आहे असं वाटलं, तर राहिलेल्या नवधान्याला हिरवेगार कोंब फुटले आणि अस्तराला टोचतील म्हणून सगळं परत उकरावं लागलं.

मग प्रतापराव आले. ते कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. बगलेत पितळी पट्टी, तिच्यात बुडबुडा.

"तुमची नळी चूक सांगते," पट्टी वाळूवर ठेवत ते म्हणाले. "बघा बुडबुडा. ही बाजू वर आहे."

"अण्णा, नळी चुकेलच कशी? पाणी कधी चुकतं का?"

"आणि माझी पट्टी जर्मन आहे!"

पाण्यावर विश्वास ठेवावा की जर्मनांवर, या वादात आठवडा गेला. पद्मनाभ रोज पोटावर आडवा व्हायचा, मुग्धा रोज नळी घेऊन या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत जायची. शिवाय खुंट्यांनाही काय झालं होतं कोण जाणे. रात्री बरोबर असलेली खुंटी सकाळी अर्धा इंच वर आलेली असायची. पद्मनाभच्या तोंडून पहाटे पहाटे जे शब्द बाहेर पडायचे, ते सदाशिव पेठेतल्या त्याच्या आईने ऐकले असते तर तिने त्याला जेवायला वाढलं नसतं.

"हे लोक मला हौद करू देणार नाहीत," एकदा जेवताना तो शुभदाला म्हणाला. "महिना संपत आला गं. शाळा आठवड्यावर आली. पोरगी पाण्यात उतरणार कधी आणि चालणार कधी? मला एक साधी जमीन सपाट करता येत नाही."

शुभदाने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या रविवारी मात्र आक्रीत घडलं. नळीने सांगितलं बरोबर, जर्मन पट्टीने सांगितलं बरोबर, खुंट्या जागच्या जागी होत्या. रत्नाकरने स्वतः येऊन जमिनीवर हात फिरवला आणि नाइलाजाने मान हलवली. "सरी, बरोबर आहे. अगदी सपाट. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय." दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून पत्र्याची भिंत उभी केली, अस्तर अंथरलं. प्रतापरावांच्या भाच्याने देवनहळ्ळीच्या शेतातल्या विहिरीवरून टँकर भरून पाठवला. टँकर पुढच्या फाटकाशी थांबला आणि जाड पाइप घराच्या बाजूने फिरवून हौदात सोडला.

पाणी चढू लागलं. पद्मनाभ पोटावर आडवा होऊन खालची कड बघत होता, रत्नाकर आणि प्रतापराव भिंतीला टेकू देऊन उभे होते, बायका वरून अस्तराच्या सुरकुत्या काढत होत्या. आणि पाइप निसटला. हौदातून बाहेर पडून त्याची धार थेट भिंतीच्या बुडाशी, नव्या वाळूवर!

"बंद करा! अरे, टँकर बंद करा!" पद्मनाभ ओरडला. पण ड्रायव्हर पुढे फाटकाशी चहा पीत बसलेला, त्याला काय ऐकू जाणार! रत्नाकरने हात सोडले असते तर भिंत पडली असती. वाळू भराभरा वाहून जायला लागली.

तेवढ्यात पद्मनाभच्या नाकासमोरून दोन पाय धावत गेले. घराला वळसा घालून फाटकाकडे. "अंकल, नीरु बंद करा! बंद करा!"

"अगं, पळू नकोस!" पद्मनाभ जमिनीवरूनच खेकसला. "चिखल आहे, पडशील!"

आणि मग तो ताडकन उठून बसला. पाणी थांबलं. मुग्धा तशीच धावत परत आली, दम खात म्हणाली, "केलं बंद!" आणि सगळे आपल्याकडे असे का बघताहेत हे तिला कळेना.

सगळे म्हणजे एकटा पद्मनाभ. तो चिखलात बसून राहिला होता. बाकीचे एकमेकांकडे बघून हसत होते.

"तू... तू पळालीस?"

"हो. मग काय करू? कुणीच जात नव्हतं."

"कधीपासून चालतेस तू?"

मुग्धाने थोडा विचार केला. "नळी धरते तेव्हापासून. तुम्हीच तर म्हणायचात, इकडे ये, तिकडे जा."

पद्मनाभने शुभदाकडे बघितलं. शुभदाचे डोळे भरून आले होते. "पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं मला," ती म्हणाली. "भिंत धरून चालली, मग भिंत सोडून. तुमचं लक्ष नळीकडे होतं म्हणून चालली हो ती. घरात तुम्ही बघत असलात की परत माझ्या कडेवर. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच घड्याळ घेऊन आला असता. मग मी अक्कांना म्हटलं, काहीही करा, पण ही जमीन सपाट होऊ देऊ नका. खुंट्या मी हलवत होते. त्या रात्री तुम्ही जेवताना तसं म्हणालात, तेव्हा सगळ्यांना सांगितलं, आता पुरे."

"नारळ माझा," अंबुबाई म्हणाल्या.

"पट्टीखाली मी पोस्टकार्ड सरकवत होतो," प्रतापराव खाली बघत म्हणाले. "नाहीतर जर्मन पट्टी खोटं बोलत नाही."

रत्नाकरने घसा साफ केला. "दुसरा उतार मी अक्कांच्या सांगण्यावरून दिला, सार. पहिला मात्र मनापासून होता."

पद्मनाभला हसू आलं आणि रडूही. त्याने चिखलाच्या हातांनी मुग्धाला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. परक्या गावात, ज्यांची अर्धी भाषासुद्धा त्याला नीट कळत नव्हती अशा या माणसांनी महिनाभर त्याच्या शिव्या खाऊन त्याच्या पोरीला पायांवर उभं केलं होतं. या लोकांचे उपकार किती, हे मोजायला त्याच्याजवळ कसलंच उपकरण नव्हतं.

"अक्का," तो उठत म्हणाला, "माझं फार चुकलं. मी तुम्हा सगळ्यांना मनातल्या मनात काय काय बोललो, तुम्हाला कल्पना नाही."

"मनातल्या मनात कुठं ओ!" अंबुबाई म्हणाल्या. "भिंतीपलीकडं सगळं ऐकू यायचं. आम्ही दोघं कॉफी घेऊन तेच ऐकत बसायचो."

पद्मनाभला आणखी भरून आलं. त्याने पुढे होऊन, अगदी पूर्ण वाकून अंबुबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. अंबुबाईंनी आशीर्वाद दिला, मग थोडं थांबून दुसरा दिला. प्रतापरावांनाही गहिवरून आलं.

"पुरे ओ, उठा आता," अंबुबाई संकोचून म्हणाल्या.

"अक्का," खालून आवाज आला, "मनापासून वाकलोय. पण कंबर धरलीये, उठता येत नाही."

महिनाभर खणणं आणि पोटावर लोळणं अखेर कुठेतरी निघायचंच होतं. रत्नाकर आणि प्रतापरावांनी त्याला तशाच वाकलेल्या अवस्थेत उचलला आणि अलगद त्या नव्या हौदात सोडला. पाणी चारी बाजूंनी अगदी सारखं होतं. छातीभर पाण्यात टेकून बसल्यावर त्याला जरा बरं वाटलं, आणि मुग्धा बाम आणायला धावत घरात गेली.