न शिकवलेली वजाबाकी

एका जंगलात, बाळांनो, सशांची वस्ती होती आणि वस्तीला खेटून करवंदाची जाळी होती. जाळीत कोल्हे दबा धरून बसत. म्हणून पिल्लाचे डोळे उघडले की प्रत्येक आई त्याला आधी वजाबाकी शिकवायची. जाळीत किती कोल्हे गेले, किती बाहेर आले, ते वजा करायचं. काही उरलं नाही तर गवत खायचं. उरलं तर उपाशी झोपायचं. याला आजवर कुणी गणित म्हटलं नव्हतं.

पण कुमुदिनी सशीण शिकलेली. तिला विद्यापीठाची पदवी हवी होती. विद्यापीठ म्हणजे वडाखालची मोकळी जागा आणि तिथले कासवसर. पाठीवर ढाल असल्यामुळे सरांना जन्मात कधी कोल्हे मोजावे लागले नव्हते. या विषयातले तज्ज्ञ तेच होते.

"विषय काय घेताय?" सरांनी विचारलं.

"पिल्लं वजाबाकी कशी शिकतात, सर."

"उत्तम. पिल्लांचे दोन गट करा. एकाला शिकवा, दुसऱ्याला अजिबात शिकवू नका. आणि चिठ्ठ्या टाका. आपलं-परकं नको."

चिठ्ठ्या टाकल्या. कुमुदिनीची एकुलती एक लेक, लवंगी, नेमकी न शिकवायच्या गटात आली. कुमुदिनीने चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली. पण शास्त्र ते शास्त्र, तिथे आईच्या जिवाला कोण विचारतो?

संध्याकाळी लवंगी म्हणाली, "आई, तीन कोल्हे आत गेले, दोन बाहेर आले. जाऊ का गवत खायला?"

"तुला काय वाटतं?"

"मला भूक लागलीय असं वाटतं."

"अगं, उत्तर सांगणं माझं काम नाही. तू विचार कसा करतेस ते बघणं माझं काम," कुमुदिनी म्हणाली आणि झुडपामागे जाऊन बसली. चुकून शब्द निघू नये म्हणून तिने तोंडात पंजा कोंबला.

लवंगी गवताकडे निघाली. थोडं पुढे गेली, मान वळवून मागे पाहिलं आणि थांबली. परत आली. कुमुदिनीचा जीव भांड्यात पडला.

रोज असंच होऊ लागलं. न शिकवलेली सगळीच पिल्लं झुडपाकडे एकदा बघायची आणि बरोबर थांबायची. झुडपामागे सगळ्यांच्या आया बसलेल्या असायच्या, पण ते कुणी नोंदवलं नाही. आया काय, त्या असतातच.

निष्कर्ष निघाला: वजाबाकी शिकवावी लागत नाही, ती आतून उमलते. वस्तीत आनंदीआनंद झाला. एक कटकट मिटली म्हणून सगळ्या आया घरोघरी निवांत झाल्या.

पदवीदानाच्या दिवशी कुमुदिनीच्या गळ्यात दुर्वांचा हार पडला. मग कासवसर भाषणाला उभे राहिले. कासवाचं भाषण, बाळांनो, काय वेगाने चाललं असेल ते तुम्हीच समजा. ते अजून 'सभ्य'पर्यंतच आले होते, 'गृहस्थहो' यायचं होतं, तोच जाळीकडून किंकाळी आली. कुमुदिनी हारासकट धावत सुटली.

लवंगी बिळाच्या तोंडाशी थरथरत होती. कोल्ह्याच्या जबड्यातून निसटली होती बिचारी, पण डावा कान तिकडेच राहिला होता.

कुमुदिनीने तिला कुशीत ओढलं. "रोज थांबायचीस ना गं! मग आजच का नाही थांबलीस?"

"रोज झुडपावर तुझे कान दिसायचे," लवंगी हुंदके देत म्हणाली. "ते ताठ झाले की मी थांबायचे. आज तू हार घालून घ्यायला गेली होतीस."

कुमुदिनी हमसून हमसून रडली. "तीनातून दोन गेले की एक उरतो, बाळा. हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

उन्हं कलली तेव्हा कुठे कासवसर येऊन पोचले. लवंगी डोकं चाचपत स्वतःशीच म्हणत होती, "दोन होते. एक गेला. एक उरला."

सरांचा चेहरा उजळला. "पाहिलंत? कुणी न शिकवता आली! निष्कर्ष पक्का. आता पुढच्या अभ्यासाला भागाकार घेऊ."

कुमुदिनीने गळ्यातला हार काढला आणि भुकेल्या लेकीपुढे ठेवला.

तात्पर्य: आईने उत्तर कधी सांगू नये, त्याने निष्कर्ष बिघडतो. कानाचं एवढं काय घेऊन बसलात? देवाने दोन दिलेत ते काय उगाच?