पुलावरील लढाईची आणि सायमनराव डाबरे यांच्या फत्तेची हकीकत

श्री. कुंचल्याच्या टोकीं वास करणारी जी शारदा तिचे चरणीं दंडवत घालोन, आणि फाशांचे पोटीं बसोन हंसणारें जें दैव त्यास दुरूनच रामराम करोन, हकीकत लिहितों ऐसीजे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं एका राज्यांत दोन सेनापति होते. राज्य म्हणजे जेवणाचें टेबल. त्यावर हिरवें कापड अंथरलेलें, मधोमध निळ्या चिंधीची नदी, नदीवर पुठ्ठ्याचा पूल आणि पलीकडे आगपेट्यांचें गांव. फौजा शिशाच्या, बोटाच्या पेराएवढ्या. एक सेनापति राजश्री भालचंद्रपंत टिपणीस, कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त जाहलेले, यांस मित्रमंडळी भालबा म्हणत. यांची फौज फरासीस बादशहाची, निळ्या डगल्यांची. दुसरे राजश्री सायमनराव डाबरे, बंदराच्या कचेरींत नकाशे काढीत असत, यांची फौज ऑस्ट्रियाची, पांढऱ्या डगल्यांची. उभयतांचा स्नेह वसतिगृहांतील एका खोलीपासून, आणि वैरही तेथूनच. दर रविवारीं सायमनराव फौज डब्यांत भरोन येत, आणि मग पट्टीनें अंतर मोजून पलटणी सरकत, आणि फासे टाकून कोण पडला व कोण पळाला तें ठरे.

भालबांची रंगविण्याची रीत बहुत कडक. प्रथम शिपायास काळा हात द्यावा, तो वाळला म्हणजे निळा डगला, मग छातीवरील पांढरे पट्टे, मग बटणें, आणि सर्वांशेवटीं श्वास रोखून डोळे. एक बटण चुकलें तर सारा शिपाई धुवून पुन्हा आरंभ. सायमनरावांची रीत मोकळी. त्यांचें कुटुंब फिलोमिनाबाई यांस दुखणें लागलें ते वर्षीं त्यांणीं उशाशीं बसोन एक पलटण रंगविली, आणि कॉलरांस रंग कोणता द्यावा ऐसें बाईंस पुसिलें. बाई बोलिल्या, “मोरपंखी द्या, बरा दिसतो.” फौजांच्या पोशाखाचें जें पुस्तक, त्यांत लाल लिहिला होता, तरी मोरपंखीच दिला. ती पलटण प्रथम मैदानीं आली तेव्हां भालबा पुस्तक आणावयास उठले, आणि मित्राचें तोंड पाहोन पुन्हा बसले. पुढें बाई निवर्तल्या.

लढाया उदंड जाहल्या, आणि एकूण एक भालबांनीं जिंकिल्या. सायमनराव हरत, चहा पीत, आणि “पुढच्या रविवारी बघतो तुला” म्हणोन डबा उचलीत. ऐसें चाललें असतां त्यांच्या डोळ्यांस विकार जाहला. कडेचें दिसे, मधोमध धुकें. रंगकाम सुटलें. मग एके दिवशीं न्हाणीघरांत पाय घसरोन पडले, तेव्हां दर्यापार ऑस्ट्रेलिया देशीं असणाऱ्या लेकीनें निक्षून कळविलें कीं, बाबांनीं आतां एकटें राहूं नये, इकडे यावें. तिकीट निघालें. एकच रविवार हातीं उरला.

ते सकाळीं भालबा पुलावर पहारे बसवीत होते, तों त्यांचें कुटुंब कुमुदिनीबाई वालाचें बिरडें फोडणीस टाकून बाहेर आल्या आणि बोलिल्या, “अहो, ऐका. आज जिंकू द्या त्यांना.”

भालबा बोलिले, “असं नसतं ते. लढाई आहे.”

“कसली लढाई? म्हातारा माणूस कायमचा चाललाय. जाताना एकदा हसत जाऊ दे. तुमचं काय जाणार आहे?”

भालबांचे पोटांतही तेंच होतें, परंतु बोलून दाखविण्याची चाल त्या राज्यांत नव्हती. मग त्यांणीं मनाशीं बेत केला कीं, पूल हातचा सोडावा, परंतु ऐसा सोडावा कीं कळूं नये.

सायमनरावांची स्वारी आली. पैज ऐसी ठरली कीं, अखेरीस पूल ज्याचे हातीं त्याची फत्ते. मग दोहींकडून तोफखाना सुरू जाहला, धुराच्या जागीं कापूस ठेविला, आणि पांढरी फौज नदीकडे चालून आली. मोरपंखी पलटण आघाडीस होती, ती पहिल्याच बारांत पळाली, जैसी सदैव पळत असे. सायमनरावांनीं चाचपडत तिला मागें नेऊन ठेविलें आणि बोलिले, “बायकोची पलटण आहे, तिला कोण रागावणार?” तें ऐकोन भालबांस गलबलून आलें, आणि त्यांणीं पुलावरील आपली खासगी गार्ड, अस्वली टोप्यांची, जी आजवर कधीं हलली नव्हती, ती उचलोन टेबलाच्या पार दुसऱ्या टोकास नेली.

सायमनराव पट्टी हातीं घेऊन थांबले. मान वांकडी करोन, डोळ्यांच्या कडेनें, त्यांणीं सारें मैदान न्याहाळिलें.

“भालबा, गार्ड कुठे गेली?”

“डाव्या बगलेला. डावपेच आहे.”

“डाव्या बगलेला मिठाची बाटली आहे.”

स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थांबला.

सायमनराव बोलिले, “वहिनींनी सांगितलं ना?” आणि उत्तराची वाट न पाहतां पुढें बोलिले, “हे बघ. डॉक्टर माझ्याशी हळू बोलतो. पोरगी फोनवर लहान मुलाशी बोलावं तशी बोलते. शेजारी जिन्यात हात धरतात. अख्ख्या जगात तू एकटा होतास, जो मला झोडपून काढायचा. आता तूही सुरू केलंस?”

“सायमन, तसं नाही रे...”

“तसंच आहे. गार्ड परत आण. नाहीतर मी डबा बंद करून निघतो.” ऐसें म्हणोन त्यांणीं खरोखरच डब्याचें झांकण हातीं घेतलें.

भालबांचें तोंड उतरलें. इतक्या वर्षांत या माणसाचा त्यांणीं शंभर तऱ्हांनीं पराभव केला होता, परंतु अपमान आजच केला, ऐसें मनांत येऊन बहुत शरमिंदे जाहले. मग मुकाट्यानें गार्ड पुलावर आणिली, तिचीं निशाणें सरळ केलीं, आणि बोलिले, “बरं तर. आता रडायचं नाही.”

तेथून जी लढाई मातली ती पूर्वीं कधीं जाहली नव्हती. भालबांनीं शरमेचा सूड फौजेकडून घेतला. निळे घोडेस्वार गांवांतून फुटोन निघाले, पांढऱ्यांच्या दोन पलटणी कापून काढिल्या, तोफा उलटविल्या, आणि सायमनरावांकडे उरले काय, तर हुसार म्हणजे हलक्या घोडेस्वारांची एक टोळी, तीही नदीच्या खालील अंगास, उतार नाहीं तेथें. सायमनराव बोलिले, “नदी पोहून जातो. मागून पुलावर पडतो.” नियम ऐसा कीं, दोन्ही फाशांवर सहा सहा पडले तरच घोडे पार होती आणि पूल त्यांचा, एरव्हीं बुडाले. भालबा गालांत हंसले आणि बोलिले, “जा, बुड.” सायमनरावांनीं फासे मुठींत घोळवून टाकिले. ते घरंगळत मिठाच्या बाटलीस आपटले आणि थांबले.

“काय पडलं? मला ठिपके दिसत नाहीत. खरं सांग.”

भालबांनीं पाहिलें. एक सहा, दुसरेही सहा. मग मोठ्या कष्टानें बोलिले, “दोन्ही सहा.”

सायमनराव खुर्चींत मागें रेलले. “पुन्हा?”

“अरे, खरंच दोन्ही सहा आहेत!”

“तू मगाशी गार्ड मिठाच्या पहाऱ्यावर पाठवली होतीस. तुझ्यावर कसा विश्वास ठेवू?”

कुमुदिनीबाई पदरास हात पुसत धांवत आल्या, वांकून पाहिलें आणि बोलिल्या, “सहाच आहेत हो भाऊजी, दोन्ही सहा!”

“वहिनी, तुम्ही तर कटाचं मूळच.” ऐसें म्हणोन सायमनराव हळूहळू उठूं लागले. त्यांचे चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरें होतें. खरी फत्ते पदरीं पडली होती, आणि ती भीक वाटत होती. तिघांच्या त्या घरांत साक्ष द्यावयास चौथें कोणी नव्हतें.

इतक्यांत भालबा, जे फाशांकडे टक लावून बसले होते, ते एकाएकीं टेबलावर मूठ आपटोन ओरडले, “पण हा फासा धरायचाच कशाला? बाटलीला लागून पडलाय! तिरका आहे! हे बघ, कड टेकलीय! लागलेला फासा बाद. पुन्हा टाक!”

सायमनराव उभ्याउभ्या थबकले. “बाद? कुठल्या नियमानं?”

“आहे नियम! पुस्तकात आहे!”

“कुठल्या पुस्तकात?”

“शोधून दाखवीन! आणि तुझे घोडे नदीपासून दूर होते, मी मघाशीच बोलणार होतो! आणि बाटली तिथं ठेवली कोणी? कुमुद, ही बाटली मैदानात कोणी ठेवली?” भालबांचे कान लाल जाहले, चष्मा नाकावर घसरला, आणि निवृत्त अध्यापक पोरासारखे पाय आपटूं लागले.

सायमनराव ऐकत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे हलले, आणि मग खुर्चीचा हात धरोन ऐसे हंसले कीं डोळ्यांस पाणी आलें. बोलिले, “वहिनी! हा खरंच हरला हो! हा खरंच हरला!” आणि आपले हातीं हुसार उचलोन, चाचपडत, एक एक घोडा त्यांणीं पुलावर नेऊन उभा केला. भालबांनीं तिकडे पाहिलें नाहीं.

मग पानें वाढलीं. सायमनरावांनीं बिरडें दोनदां मागून घेतलें. भालबा घांसागणिक नियमाचें पुस्तक चाळीत होते. निघते वेळीं सायमनरावांनीं सारी फौज डब्यांत भरिली, परंतु हुसारांस हात लाविला नाहीं. भालबा बोलिले, “हे राहिले तुझे.” सायमनराव बोलिले, “राहिले नाहीत. ठाणं बसवलंय. जिंकलेला पूल कोणी मोकळा सोडतं का?” कुमुदिनीबाई बोलिल्या, “आणि आम्ही जेवायचं कुठे?” तेव्हां तह ऐसा जाहला कीं, पूल हुसारांसुद्धां उचलोन दिवाणखान्यांतील कपाटावर ठेवावा. नंतर भालबांनीं मित्रास जिन्याखालीं पोहोंचविलें. हात धरिला नाहीं, दोन पायऱ्या पुढें मात्र चालले. रिक्षांत बसतां सायमनरावांनीं हात पुढें केला, भालबांनीं तो दोन्ही हातीं घेतला, आणि बोलिले, “फासा तिरका होता.” सायमनराव बोलिले, “लिहून कळव.” रिक्षा गेली, आणि भालबा बराच वेळ फाटकापाशीं उभे होते.

येणेंप्रमाणें सायमनराव डाबरे फत्ते पावोन दर्यापार गेले. पूल कपाटावर आहे, त्यावर पांढऱ्यांचा अंमल आहे. भालबा दर रविवारीं मऊ कुंचल्यानें त्या घोड्यांची धूळ झाडितात, परंतु मुजरा करीत नाहींत. हकीकत पुरी जाहली. वाचणारांस सुख असो.