उघडून बघलास काय?

आमच्या नाहूरच्या सोसायटीतल्या परबकाकांचं पोट दुखत होतं म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबलं आणि पित्त आहे म्हणून सांगितलं. काकांनी शर्टाची बटणं लावत शांतपणे विचारलं, "उघडून बघलास काय?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. कलिंगडवाल्याला, टाकी साफ झाली म्हणणाऱ्या सेक्रेटरीला, मुलगा निर्व्यसनी आहे असं सांगणाऱ्या मध्यस्थालाही. त्यांची उभी हयात पोस्टात गेली. तिथे काहीही उघडून बघायला सक्त मनाई. ती कसर ते आता भरून काढतात.

माझा स्वभाव नेमका उलटा. सिग्नलला पुढच्याची गाडी बंद पडली तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

माझी जुनी सात सीटर दर मे महिन्यात आणि गणपतीत कुडाळला जाते. आई, बायको, दोन मुलं, मी आणि सहावे परबकाका. त्यांना कोणी बोलावत नाही. पहाटे बॅग घेऊन ते गाडीपाशी उभे असतात. "गाडीवर लक्ष ठेवूक कोणतरी होयो ना!" सगळ्यात मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसतात. आई पुढून लाडू मागे पाठवते. धाकटा त्यांच्या खांद्यावर झोपून लाळ गाळतो. वाटेतल्या खानावळीत काका सुरमईच्या तुकडीवरून मालकाशी भांडतात आणि बायको माझ्याकडे बघते. गावातलं त्यांचं घर केव्हाच पडलं. ते आमच्याच ओटीवर झोपतात.

गेल्या खेपेला घाटात मागून आवाज आला, "झिला, माझ्या बुडाखाली कोणीतरी दळण दळतंय रे!"

मुलुंडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली, तेव्हा काका अर्थातच बरोबर होते. टाय लावलेला पोरगा म्हणाला, "सर, रिअर डिफरन्शियल गेलंय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." त्याने पुढे केलेल्या कागदावरचा आकडा मला आधी कुणाचा तरी फोन नंबर वाटला.

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. त्यात तेल असतं आणि ते अधूनमधून बदलायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. लगेच अपराधी वाटलं. प्रायश्चित्त म्हणून मी "करून टाका" म्हणणार, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला.

"उघडून बघलास काय?"

"काका, आवाजावरून कळतं आम्हाला."

"आवाजावरून माझो पंखो धा वर्षं मरतोय. अजून फिरता."

"काका, तुम्ही गाडी चालवता का?"

"नाय. पण गोळा माझ्या खाली असतो. तुझ्या नाय."

पुढचा आठवडा माझी वाट लागली. काका रोज फोन करून मला ऑफिसमधून बोलावून घ्यायचे. स्वतः घडीचं स्टूल आणि टॉर्च घेऊन वर्कशॉपच्या दारात बसलेले. आतून कोणीही बाहेर आला की त्याच्या तोंडावर टॉर्च मारून तोच प्रश्न. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, प्लीज, यांना घरी न्या." मी त्याचीही माफी मागितली. काकांना मात्र सुनावलं, "काका, गाडी माझी आहे ना? बास करा आता!" ते म्हणाले, "गाडी तुझीच रे," आणि स्टूल आणखी थोडं पुढे सरकवलं.

शेवटी वैतागून वर्कशॉपवाल्यांनी गोळा उघडला. आतल्या गिअरचे दाते शाबूत होते. बेअरिंग आणि सील गेले होते. आकडा फोन नंबरवरून पिनकोडवर आला. काकांनी स्टूल मिटलं.

"सर, एवढा पण खर्च कशाला जुन्या गाडीवर?" पोरगा म्हणाला. "एक्स्चेंज करा. पाच सीटर घेऊन टाका, झकास. फॅमिली पाचचीच ना?"

"हो," मी म्हणालो, "पाचचीच."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सहावी सीटच नसली की कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळ येत नाही. पोरगा आम्हाला शोरूममध्ये घेऊन गेला. मी बायकोला विचारायला खिशातून फोन काढला.

काका एका चकचकीत गाडीभोवती फिरत होते. बॉनेट उघड म्हणाले नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं, सीटवर हात फिरवला, वीत टाकून रुंदी मापली. मग माझ्याजवळ आले. पोरग्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले,

"हयसर आई बसतली, हयसर पोरां. मधी एक माणूस बसता काय रे? बारीक?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ताठ उभे होते. छाती पुढे, पोट पार पाठीला चिकटवलेलं, गाल फुगलेले. श्वास रोखून माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी फोन खिशात ठेवला.

"आमची जुनीच करा दुरुस्त," मी पोरग्याला सांगितलं. आणि मग, काकांकडे बघण्याचा धीर होईना म्हणून गाडीच्या काचेकडे बघत म्हणालो, "काका, सोडा पोट. मागची सीट आहे तुमची."